बारा चित्रांतला माणूस

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची आणि माणसांच्या सुप्त गुणांचं प्रदर्शन भरायचं. ‘सुप्त गुण’ हा शब्द पर्सोनेल खात्याचा. वर्षभर ते सुप्तच राहतील याची काळजीही तेच खातं घ्यायचं. त्या एका दिवशी मात्र शॉपमधलं तेल पुसलं जाई, लेथवर झेंडूच्या माळा चढत, कामगारांच्या बायकापोरांना आत सोडत आणि पांढऱ्या चादरी घातलेल्या टेबलांवर कोणाचं भरतकाम, कोणाची काड्यापेट्यांची आगबोट असं मांडून ठेवत. आदल्या वर्षी पहिलं बक्षीस थर्माकोलच्या हेड ऑफिसला मिळालं होतं. पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांना त्यात स्वतःच्या केबिनची खिडकी सापडली, तेव्हाच निकाल लागला.

मी त्या थर्माकोलला हसलो होतो. हसणाऱ्याने पुढच्या वर्षी काही करून दाखवावं असं मला कोणी म्हटलं नाही. ते मीच मला म्हटलं, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. गिरण्यांचा संप होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मुलुंड पूर्वेला आमची तीन मजली सोसायटी होती आणि पहिल्या मजल्यावर नुकताच रंगीत टीव्ही आला होता. संध्याकाळी अख्खी बिल्डिंग त्या एका खोलीत जाऊन बसे. शेतीविषयक कार्यक्रमसुद्धा लोक मन लावून पाहत. आमच्यापैकी कोणाचं कोकणात धड अर्धा गुंठा भात नव्हतं. मला त्या पेटीचा राग होता. चित्र हलतं म्हणजे काय होतं, हे यातल्या एकालाही ठाऊक नाही, असा माझा राग. तो जरा सुशिक्षित वाटावा म्हणून मी पार्ल्याच्या एका जुन्या वाचनालयातून विज्ञानाच्या खेळण्यांचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात मला हवं ते सापडलं.

गोल डबा. त्याच्या भिंतीत वरच्या अंगाला सारख्या अंतरावर उभ्या फटी. आत, फटींच्या खाली, कागदाची पट्टी, तिच्यावर एकाच हालचालीची एकापुढची एक चित्रं. डबा फिरवायचा आणि एका बाजूच्या फटींतून समोरच्या आतल्या भिंतीकडे बघायचं. फट डोळ्यासमोर आली की क्षणभर एक चित्र दिसतं, मग काळा पत्रा, मग पुढची फट, पुढचं चित्र. डोळा आळशी असतो. मधलं काळं तो हिशेबातच धरत नाही, दोन चित्रं जोडून टाकतो आणि कागद हलायला लागतो. पुस्तकात या यंत्राला एक लांबलचक ग्रीक नाव होतं. आमच्या बिल्डिंगीत त्याला शेवटपर्यंत डबाच म्हणाले.

बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा मिळवला. घेर अडतीस इंच, म्हणजे तीन-तीन इंचांची बारा चित्रं आणि वर थोडा जोड. भंगारातलं एक बेअरिंग रीतसर गेटपास करून घरी आणलं. आईच्या शिवणयंत्राचा जुना पट्टा लावला, लाकडी कप्पी केली, हँडल बसवलं. बाहेरून डबा काळा रंगवला. पहिल्या फटी मी दोन सुताच्या, म्हणजे पाव इंच रुंद कापल्या होत्या. त्यातून चित्रं नुसती फरफटलेली दिसायची, ओल्या शाईवरून हात फिरवल्यासारखी. मग काळा कागद चिकटवून फट अर्ध्या सुतावर आणली. उजेड कमी झाला, पण चित्र कापून काढल्यासारखं स्वच्छ झालं. वरून साठचा बल्ब सोडला. उडणाऱ्या चेंडूची पट्टी घातली आणि तो चेंडू खरंच उडाला, तेव्हा मी एकटाच स्वयंपाकघरात उभा राहून हसलो.

पण चेंडूला कोण बक्षीस देणार? मला माणूस हवा होता. चालणारा.

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका माझ्याच कारखान्यात हेवी बेमध्ये, म्हणजे अवजड कामाच्या शेडमध्ये, क्रेन चालवायचे. पंचावन्नच्या आसपासचे, कणकवलीकडचे. वडील गिरणीत होते, दोन भाऊही गिरणीत, आणि ते दोघे आता संपानंतर घरी बसलेले. काका तेवढे वेळेवर गिरणी सोडून इकडे आले होते आणि एकोणीस वर्षं त्या छपराखालच्या काचेच्या केबिनमध्ये बसत होते. वर जायला भिंतीला सरळ उभी लोखंडी शिडी. बत्तीस पायऱ्या. रोज सकाळी आम्ही बरोबर निघायचो, पूल ओलांडून पश्चिमेला उतरायचो आणि कारखान्यापर्यंत चालत जायचो. जेवणाचा डबा त्यांच्या उजव्या हातात. डाव्या हातात तो मी कधी पाहिला नाही, आणि असं का, हेही कधी विचारलं नाही. रोज बरोबर चालणाऱ्या माणसाची चाल दिसत नाही.

‘काका, रविवारी गच्चीवर चालाल का माझ्यासाठी?’

‘कशाला? गच्ची खचते का बघायचीय?’

‘चित्र काढायचंय. चालणाऱ्या माणसाचं.’

‘मुलुंडात चालणारी माणसं कमी पडली काय रे?’

‘त्यांना मधेच पाय उचलून थांबा म्हटलं तर थांबणार नाहीत ना.’

ते आधी पुलाचा अख्खा जिना उतरले. मग म्हणाले, ‘आयुष्यात एकच फोटो काढला. लग्नातला. तो पण खुर्चीवर बसवून. चल, तू चालवून काढ.’

सलग चार रविवार आम्ही गच्चीवर होतो. संध्याकाळचं ऊन तिरपं आलं की पाण्याच्या टाकीच्या चुन्याच्या भिंतीवर त्यांची सावली पूर्ण उंचीची पडायची. ते पाऊल उचलून थांबायचे आणि मी कोळशाने सावलीची कड आखून घ्यायचो. मग पुढची स्थिती. मध्येच ते म्हणत, ‘लवकर कर मेल्या, बगळा झालाय माझा.’ काकू धुणं काढायला यायच्या, एकदा नवऱ्याकडे, एकदा भिंतीकडे बघायच्या आणि खाली जायच्या. तिसऱ्या रविवारी सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात सूचना लावली: टाकीच्या भिंतीवर सात अज्ञात इसमांच्या आकृत्या आढळल्या असून संबंधित सभासदाने त्या स्वखर्चाने पुसाव्यात. सेक्रेटरी महापालिकेतून निवृत्त झाले होते. इसम मोजल्याशिवाय त्यांना चैन पडलं नसतं.

सावलीवरून अंगाची ठेवण मिळत होती, पण पावलांचं अंतर मिळेना. थांबून थांबून चालणारा माणूस खरं चालत नाही. म्हणून चौथ्या रविवारी मी गच्चीवर बादलीभर पाणी आणलं. काकांनी पाय ओले केले आणि मी सांगितलं, आता थांबू नका, सरळ त्या कठड्यापर्यंत जा, भाजी आणायला निघाल्यासारखे. ते गेले. तापलेल्या फरशीवर ओल्या पावलांची रांग उठली. वाळायच्या आत मी टेप घेऊन गुडघ्यांवर धावलो. सत्तावीस इंच. चोवीस. सत्तावीस. चोवीस. आणि डाव्या पावलाला टाच नव्हती. पुढचा चवडा स्पष्ट, मागे नुसता ओला ठिपका.

‘काका, डाव्या पायाला काही लागलंय का?’

ते कठड्यापाशी वळले. हातात जेवणाचा डबा नव्हता, आणि परत माझ्याकडे येताना मला पहिल्यांदा दिसलं. प्रत्येक दुसऱ्या पावलाला ते किंचित ढळत होते, भरलेली घागर घेतलेल्या माणसासारखे.

‘कोण बोललं तुला?’

‘कोणी नाही. फरशी बोलली.’

त्यांनी पावलांकडे पाहिलं. पहिली दोन-तीन वाळून गेली होती. ते टाकीच्या कट्ट्यावर बसले आणि पायजमा गुडघ्यावर ओढून दाखवला. दोन वर्षांपूर्वी शिडी उतरताना खालच्या चार-पाच पायऱ्या राहिल्या असताना हात सुटला होता. शॉपमध्ये तेव्हा कोणी नव्हतं. रजा टाकून गावी गेले, तिथल्या हाडवैद्याकडून गुडघा बसवून घेतला, आणि तो बसला तो तसाच. कारखान्यात नोंद नाही. गुडघा दुखला की वजन उजवीकडे घ्यायचं, आणि ते दिसू नये म्हणून डबा उजव्या हातात धरायचा. ओझ्यामुळे माणूस कलला आहे, एवढंच बघणाऱ्याला वाटतं.

‘आणि शिडी?’

‘शिडी हातांनी चढतो. पाय नुसते सोबतीला. आणि वर बसलं की क्रेन हातानेच चालते ना रे, तिला कुठे पाय लागतात.’

‘डॉक्टरांना दाखवलं तर –’

‘तर खाली आणून बसवतील.’ त्यांनी पायजमा खाली सोडला. ‘तीन वर्षं राहिलीत. शेवटच्या दिवशी तिथूनच उतरायचंय मला, सगळे बघत असताना. नंतर खुशाल लंगडीन. तुला सांगितलं, तुझ्याकडेच ठेव.’

‘ठेवतो.’

‘आणि चित्रात सरळ काढ हां मला.’

‘काढतो, काका.’

मी तेव्हा खोटं बोललो नाही. हे मी स्वतःला फार वेळा सांगितलं आहे.

सरळ चालणारा माणूस काढणं उलट सोपं असतं. अर्ध्या चालीची सहा चित्रं काढायची, पुढच्या अर्ध्या चालीत पायांची फक्त अदलाबदल करायची. मी तशी पट्टी केली. काळ्या शाईत भरलेली आकृती, टोपी नाही, तोंड नाही, लांबचा पाय ओळखू यावा म्हणून त्यावर तिरप्या रेघा. डब्यात घालून फिरवली. माणूस चालला, परेडमधल्या शिपायासारखा. आई बघून म्हणाली, ‘छान झालंय खेळणं,’ आणि कणीक मळायला गेली.

मग मी दुसरी पट्टी केली. नुसतं बघू या म्हणून. सत्तावीस आणि चोवीस, टाच न टेकणारं डावं पाऊल, आणि त्या पावलाला खांदा जितका खाली यायचा तितका खाली. पूर्ण बारा चित्रं वेगळी. ती फिरवली तेव्हा मी हँडल सोडायला विसरलो. कागदावरचा तो काळा डाग कुठेतरी निघाला होता. त्याला वजन होतं, वय होतं. आईला बोलावलं. ती पिठाचे हात तसेच धरून बराच वेळ वाकून बघत राहिली आणि म्हणाली, ‘कुठे चाललाय रे हा?’

आईच्या त्या प्रश्नाने मी वाया गेलो. शिपायाला तिने विचारलं नव्हतं तो कुठे चाललाय.

प्रदर्शनात कोणती पट्टी न्यायची यावर मी आठ दिवस विचार केला असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे विचार आठ मिनिटांचा होता आणि बाकीचे दिवस कारणं जमवण्यात गेले. चेहरा नाही, टोपी नाही, कपडे नाहीत, तीन इंचांचा शाईचा डाग, कोण ओळखणार? हा युक्तिवाद मी अशा लोकांबद्दल करत होतो जे बेचं दार उघडायच्या आत, नुसत्या आवाजावरून कोणतं मशीन कोणी चालू केलंय ते सांगायचे.

त्या वर्षी कॅन्टीनमध्ये जेवणाची गर्दी म्हणून टेबलं हेवी बेच्या भिंतीलगतच लावली होती. पाहुणे पाऊण तास उशिरा आले. त्यांना फेटा बांधला, तो सैल झाला, परत बांधला. त्यांनी नारळ फोडायचा होता, पण तो तिसऱ्या फटक्यालाही फुटेना, तेव्हा एका वेल्डरने मागून हात लांबवून तो फोडला आणि टाळ्या पाहुण्यांना मिळाल्या. भाषणात त्यांनी कामगार हा कंपनीचा कणा आहे असं चार वेळा सांगितलं.

मग काकांचं काम होतं. खंडेनवमीला ते दर वर्षी एक गोष्ट करायचे आणि पोरं खरं म्हणजे तेवढ्यासाठीच यायची. दहा टनांचा हूक खाली यायचा, त्याला हार घालायचे, आणि मग त्या हुकाला दोरीने एक स्टीलचा पेला टांगायचे, काठोकाठ भरलेला. काका तो पेला उचलून बेच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायचे आणि सगळ्यांत लहान पोराच्या पुढ्यात जमिनीवर ठेवायचे. वर काचेत त्यांचे फक्त हात दिसत. त्या दिवशीही पेला आमच्या डोक्यांवरून गेला. खाली तीन-चारशे माणसं तोंडं वर करून, एकही आवाज नाही. पेला ठेवला गेला. एका बाईने वाकून आजूबाजूची फरशी हाताने चाचपली आणि तळवा सगळ्यांना दाखवला. कोरडा.

टाळ्या संपल्या आणि गर्दी टेबलांकडे वळली. माझ्या डब्यापाशी पहिला आला एक फिटर. त्याने हँडल फिरवलं, फटीला डोळा लावला आणि हसत सुटला.

‘आयला, हा तर आपला क्रेनवाला.’

‘कुठे? सरक ना, बघू दे.’

‘घे बघ. एकदम झकास उचललाय यार. डबा तेवढा हातात द्यायचा राहिला.’

‘आणि हे काय, ढळतो बघ कसा. लंगडतोय की काय?’

‘अरे हो रे. लंगडतोच आहे.’

ते प्रेमाने हसत होते. रांग लागली. माझ्या कानांत रक्त चढलं होतं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ते भीतीचं नव्हतं. थर्माकोलसमोर कोणीही नव्हतं.

परीक्षकांत कारखान्याचे डॉक्टर होते. आठवड्यातून दोनदा येणारे, मितभाषी. मागे पाहुणे आणि वर्क्स मॅनेजर. डॉक्टर वाकले. त्यांनी हँडल जोरात फिरवलं, मग सावकाश, मग मधल्या वेगाने. इतरांपेक्षा खूपच जास्त वेळ.

‘हे कल्पनेने काढलंय का?’

हो म्हणायचं होतं. एक अक्षर.

‘नाही, सर,’ मी म्हणालो. ‘प्रत्यक्ष माणसावरून. मोजमाप घेऊन. दोन पावलांत तीन इंचांचा फरक आहे, तो तसाच ठेवलाय.’

पाहुणे ‘वा’ म्हणाले. डॉक्टर सरळ झाले. ‘डावा गुडघा वाकतच नाही पूर्ण. कोण आहे हा?’

मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचंही श्रेय घेण्यासारखं नाही, कारण सांगायची गरजच नव्हती. फिटरने हसत हसत वर बोट दाखवलं. काका केबिनमधून बाहेर पडून शिडी उतरत होते. डॉक्टरांनी पाहिलं, मॅनेजरांनी पाहिलं, रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं. दोन वर्षं ते असेच त्या शिडीवरून उतरत होते आणि कोणाला काही दिसलं नव्हतं. आता फटीतून बघून आलेला प्रत्येक डोळा शिकून आला होता. दोन्ही हातांनी देह तोलून धरायचा, उजवा पाय खाली, डावा त्याच्या शेजारी आणून ठेवायचा. परत हात. बत्तीस वेळा. खाली पोचून त्यांनी शिडीच्या पायथ्याशी ठेवलेला जेवणाचा डबा उजव्या हातात उचलला, वळले, आणि आम्ही सगळे आपल्याकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांना वाटलं पेल्याबद्दल. ते हसले आणि हात वर केला.

मला पहिलं बक्षीस मिळालं. स्टीलचा जग. आई त्यात पुढे बरीच वर्षं ताक करत होती.

पंधरा दिवसांनी त्यांना मेडिकलला बोलावलं. महिन्याभरात क्रेनवरून काढलं आणि टूल क्रिबच्या खिडकीत स्टुलावर बसवलं. कामगाराने पितळी टोकन द्यायचं, त्यांनी ते खिळ्याला अडकवायचं आणि हत्यार द्यायचं. काम संपलं की उलट. पगार फारसा कमी झाला नाही, असं पर्सोनेलवाल्यांनी मला मुद्दाम सांगितलं. त्यांनाही कुठेतरी लागलं असावं.

आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘बरंच झालं म्हणायचं. उद्या वरून पडले असते तर? किंवा कोणाच्या डोक्यावर काही सोडलं असतं तर?’ ते खरं होतं. डॉक्टर बरोबर होते, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आज नाही. त्या वाक्याला मी काही महिने धरून राहिलो. अडचण एवढीच, की पट्टी डब्यात घालताना मी कोणाच्या डोक्याचा विचार केला नव्हता. काकांच्याही नाही, खालच्यांच्याही नाही. डॉक्टर बरोबर असल्याने मी बरोबर ठरत नव्हतो.

सकाळी मी दहा मिनिटं उशिरा निघायला लागलो. टूल क्रिबमधून काही हवं असलं तर शिपायाला पाठवायचो. जिन्यात गाठ पडली तर काका ‘काय ड्राफ्समन’ म्हणायचे आणि बाजूला व्हायचे. आता त्यांनी डबा कोणत्याही हातात धरला तरी चालणार होतं. तो ते डाव्या हातात धरायला लागले होते, आणि चांगलेच लंगडत होते.

ते सगळं कसं झालं हे त्यांना कोणीतरी सांगितलंच असणार. कारखान्यात असं कोणी लपवत नाही. पण ते मला एक शब्द बोलले नाहीत, आणि मला वाटतं, त्या न बोलण्यावर उपाय म्हणून मी जे केलं ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. मी सरळ चालणारी पट्टी पुन्हा काढली. या वेळी शिपाई नको म्हणून मेहनत घेतली. त्यांची खरी खांद्यांची ठेवण, हाताचा झोका, मानेचा बाक, सगळं त्यांचंच, फक्त दोन्ही पावलं सत्तावीस इंचांची आणि टाच टेकलेली. दोन महिने लागले. एका रविवारी सकाळी डबा काखोटीला मारून खाली गेलो. खरी पट्टी गुंडाळून डब्यातच पडली होती. ती काढून ठेवायचं मला सुचलं नाही.

दार काकूंनी उघडलं. त्या बांगडे साफ करत होत्या, परत जाऊन पाटावर बसल्या. काका पेपर वाचत होते. घरात ते मालवणीच बोलायचे, माझ्याशीही.

‘काय हाडलंस?’

‘डबा. तुम्ही बघितलाच नाहीत अजून.’

‘सगळ्यांनी बघल्यानी तो?’

‘तोच.’ मी टेबलावर ठेवला, वर दिवा धरला. ‘पण चित्रं नवीन आहेत. तुम्ही सांगितली होती तशी.’

त्यांनी चष्मा काढला, वाकले. मी हँडल फिरवलं. त्यांनी अर्ध्या मिनिटाने डोळा काढला.

‘ह्यो कोण?’

‘तुम्ही, काका.’

‘मेल्या, ह्यो मी नाय. ह्यो कोणतरी सायब असतलो.’ त्यांनी डब्यात हात घातला आणि तळाशी पडलेली गुंडाळी बाहेर काढली. ‘खरो ह्यो मां? घाल.’

‘काका, ते राहू दे.’

‘घाल मेल्या.’

मी पट्टी बदलली. त्यांनी मला हँडलवरून बाजूला केलं आणि स्वतः फिरवायला लागले. क्रेनचा हात. वेग एकदा ठरला तो केसभर हलला नाही, माझ्याकडून इतका स्थिर तो कधीच फिरला नव्हता. ते किती वेळ बघत होते ते सांगता येणार नाही. बांगड्यांवर सुरी चालत होती तिचा आवाज थांबला, परत सुरू झाला.

‘मी असो चलतंय?’ त्यांनी डोळा न काढता विचारलं. मला विचारलं नसावं. मग म्हणाले, ‘गो, हय ये. बघ.’

काकू हात धुऊन, पदराला पुसत आल्या. त्यांनी फटीतून पाहिलं. काका हँडल फिरवत राहिले.

‘असेच चलतास,’ त्या म्हणाल्या. ‘दोन वर्सां झाली.’

‘तुका ठाऊक होता?’

‘एका घरात रवतंय. माका ठाऊक असतला नाय?’ त्या सरळ झाल्या आणि माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. बांगडे ताजे आहेत का, असं कोणी विचारल्यावर उत्तर द्यावं तसा आवाज. ‘पण मी कोणाक सांगलंय नाय.’

त्या परत पाटावर जाऊन बसल्या.

काकांनी हँडल सोडलं. डबा बेअरिंगवर बराच वेळ फिरत राहिला, मग हळू झाला, चालणारा माणूस मोडला आणि बारा वेगवेगळी माणसं एकामागे एक उभी राहिली. त्यांनी पट्टी बाहेर काढली, नीट गुंडाळली आणि कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ठेवली.

‘ह्यो हय रवांदे,’ ते म्हणाले. ‘तुझो सायब तू घेवन जा.’

सोमवारी मी टोकन घेऊन स्वतः टूल क्रिबच्या खिडकीवर गेलो. त्यांनी टोकन खिळ्याला अडकवलं, मापाचा व्हर्नियर पुसून हातात दिला आणि म्हणाले, ‘पाडू नको.’ तीन वर्षं मी रोज जात राहिलो, कित्येकदा गरज नसताना. ते तिथूनच निवृत्त झाले. त्या तीन खंडेनवम्यांना नव्या क्रेनवाल्याने हूक खाली आणला, हार घालून घेतला आणि वर नेला. पोरं काही वेळ तोंडं वर करून उभी राहिली.

डबा माझ्याकडे अजून आहे. बेअरिंगला तेल घातलं की छान फिरतो. त्यात ती सरळ चालणारी पट्टी आहे, दोन महिने खपून काढलेली, एकही चूक नसलेली. घरी आलेलं कोणी हँडल फिरवतं, फटीला डोळा लावतं आणि विचारतं, हा कोण. मी सांगतो, कोणी नाही.